बोटी दोन पाहिल्यात, माणूस एकही नाही

पोरांनो, तुम्ही माझ्या ओट्यावर ठेवून गेलात तो कागद मी वाचला. किन्हवलीच्या आपल्या दहावीच्या तुकडीने आईवडिलांना बोटीच्या सहलीला न्यायचं ठरवलं, वर्गणीही सुरू केली, हे कळलं तेव्हा ऊर भरून आला. या माणसांनी जन्मभर भातखाचरं तुडवली. भातसा, तानसा, वैतरणा आपल्या शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला. आणि वैशाखात टँकरमागे हंडे घेऊन धावायचं तुमच्या आयांनी. त्यांना चार दिवस कुणी हातात ताट आणून देणार असेल तर त्याहून चांगलं काय? म्हणून तुमच्या हेतूबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. बोलायचं आहे ते त्या कागदाबद्दल, आणि ते तुम्हाला गोड लागणार नाही.

दोन रकाने आखलेत. डावीकडे ‘एम्प्रेस’, कॉर्डेलिया कंपनीची, मुंबईहून गोव्याला जाऊन येणारी. उजवीकडे ‘गेंटिंग ड्रीम’, सिंगापूरहून सुटणारी. खाली ओळी: स्विमिंग पूल, पाण्याची घसरगुंडी, डीजे, कॅसिनो, मजले, फोटो काढायच्या जागा. प्रत्येक ओळीसमोर हिरव्या पेनाने बरोबरच्या खुणा. उजवीकडे खुणा जास्त, म्हणून तळाशी दोन रेघा ओढून लिहिलंत, ‘सिंगापूर फायनल’.

याला तुलना म्हणतात? तुम्हाला गणित मी शिकवलं. एकक न लिहिता उत्तर लिहिलं की मी अर्धे गुण कापायची, आणि त्यावरून तुमच्यातला एकजण वर्गात रडलाही होता. चाळिशी आली, घरंदारं झाली, ठाण्या-कल्याणला फ्लॅट झाले, आणि तुमचा कागद अजून एककावाचूनच. दोन वस्तू ताडून पाहायच्या तर दोन्हींना एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि तो प्रश्न वापरणाऱ्याच्या गरजेतून यावा लागतो. जाणार कोण? तुमचे आईवडील. तुमच्या यादीत साठीच्या आतलं माणूस नाही. मग घसरगुंडीला गुण कुणासाठी दिलेत? गुडघे धरून जिना उतरणाऱ्या बाईला डीजेचं काय करायचंय? तुम्ही स्वतःची सहल ठरवलीत आणि नाव आईबापांचं लावलंत. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

म्हशाच्या यात्रेत बैल घेताना तुमचे वडील काय करायचे, आठवा. शिंगांना लावलेला रंग पाहून कधी पैसे मोजले त्यांनी? दात पाहायचे, खूर पाहायचे, चालवून पाहायचे, मालकाला चार प्रश्न विचारायचे. त्या माणसांची तुम्ही मुलं, आणि तुम्ही मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवरून लाखांचा व्यवहार करायला निघालात.

आता पैशांकडे येते, कारण इथे तुम्ही नुसते चुकला नाहीत, चुकीचा हिशोब दुसऱ्यांच्या गळ्यात मारलात. डावीकडचा आकडा दोन रात्रींचा आहे, कर आणि बंदराचं शुल्क धरून. उजवीकडचा तीन रात्रींचा, आणि त्यात खोली आणि साधं जेवण सोडून काहीच धरलेलं नाही. एजंटाच्या पत्रकावर खाली बारीक अक्षरांत ते छापलंय. मला चष्म्यातून दिसलं, तुम्हाला कसं दिसलं नाही? बंदराचं शुल्क वेगळं. टिप वेगळी, आणि ती माणशी, दर रात्रीची. मुंबई ते सिंगापूर विमान वेगळं. विमानाला उशीर झाला म्हणून बोट थांबत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी पोचायचं, म्हणजे हॉटेलची एक रात्र वेगळी. व्हिसा वेगळा, विमा वेगळा. आणि हे सगळं गाळून तुम्ही लिहिलंत की दोन्हींत ‘फारसा फरक नाही’. मीटरमधून लिटर वजा केलेत तुम्ही. एकक असं धरा: माणशी, दर रात्री, किन्हवलीतल्या उंबऱ्यापासून परत त्याच उंबऱ्यापर्यंत. आसनगावपर्यंतच्या गाडीचे पैसेही त्यात आले पाहिजेत. असा हिशोब मांडलात की ‘फारसा फरक नाही’ हे वाक्य तुम्हालाच खोडावं लागेल.

आणखी एक गोष्ट त्या हिशोबात तुम्ही पाहिली नाहीत, आणि ती पैशांहून मोठी आहे. बोटीचा भाव सांगतात तो एका खोलीत दोघं धरून. माणूस एकटा असेल तर दुसऱ्या जागेचंही भाडं, सगळं नाहीतर बरंचसं, बहुतेक वेळा त्याच्याकडूनच घेतात. तुमच्या यादीत नवरा गेलेल्या बायका आहेत. त्यांच्या नावापुढे तुम्ही बाकीच्यांएवढीच रक्कम टाकलीत. बुकिंगच्या दिवशी एजंट जवळजवळ दुप्पट सांगेल तेव्हा काय होणार? तुमच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिणार, ‘काकूंचं जरा जास्त होतंय.’ ते तिच्या मुलाला कळणार, त्याच्याकडून तिला. मग ती आपणहून म्हणणार, ‘मला नको रे बाबा, मला बोट लागते.’ जन्मात बोटीत न बसलेली बाई हे म्हणणार, आणि तुम्ही ते खरं मानून पुढे जाणार. मी या बायकांना ओळखते. शाळेची फी थकली की याच बायका माझ्यासमोर ‘पुढच्या सोमवारी देते, बाई’ म्हणून खाली मान घालून उभ्या राहायच्या. त्यांची मान पुन्हा खाली जाता कामा नये. आजच दोघी-दोघींच्या जोड्या लावा, आणि त्यांना विचारून लावा. बांधावरून बोलणं बंद असलेल्या दोघींना एका खोलीत कोंबू नका.

आता कागदपत्रं. ‘पासपोर्ट काढून घेऊ’ असं तीन शब्दांत उरकलंत. त्या पिढीच्या जन्मतारखा तुम्हाला ठाऊक नाहीत का? आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच टाकला. आधारवर एक तारीख, मतदार ओळखपत्रावर दुसरंच वय, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. काहींकडे दाखलाच नाही. बाईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, आणि आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळं. आधी हे सगळं जुळवायचं, मग अर्ज, मग ठाण्याची फेरी, मग किन्हवली पोलीस ठाण्यातून तपासणी. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी शिल्लक लागते. बोट मलेशिया-थायलंडकडे जाऊन पुन्हा सिंगापूरला येते, म्हणून व्हिसा एकाहून अधिक वेळा आत येऊ देणारा हवा. मुंबई-गोवा फेरीला यातलं काही लागत नाही, सरकारी फोटो-ओळखपत्र पुरतं. तिकिटावरचं नाव आणि त्या ओळखपत्रावरचं नाव मात्र अक्षर न् अक्षर सारखं असलं पाहिजे. ही एक ओळ तुमच्या कागदावर असती तर अर्धं काम तिथेच झालं असतं.

‘सिंगापूरची बोट तिप्पट मोठी’ हे तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलंत. खरं आहे. एम्प्रेस सुमारे 48,500 टनांची, गेंटिंग ड्रीम सुमारे दीड लाख टनांची. पण हे टन वजनाचे नाहीत. बोटीच्या आतली बंदिस्त जागा किती, याचं ते माप आहे. जागा मोठी असली तरी ती किती माणसांत वाटायची, हे विचारलंत का? भागाकार तुम्हाला चौथीत शिकवला. एका खोलीत दोघं धरले तर एम्प्रेसवर सुमारे 1,600 प्रवासी, म्हणजे माणशी 30. गेंटिंग ड्रीमवर सुमारे 3,350, म्हणजे माणशी 45. मोठी बोट ऐसपैस आहे, हे मान्य. पण तिप्पट नव्हे, दीडपट. आणि ती 335 मीटर लांब आहे. खोली एका टोकाला आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला असेल तर दिवसातून तीनदा जाऊन येऊन गुडघेदुखीच्या माणसाचं काय होईल, ते मोजा.

एम्प्रेसपुढे तुम्ही ‘जुनी’ एवढंच लिहून फुली मारलीत. वय पाहणं योग्यच, पण पुढचं वाचायला हवं होतं. ही बोट 1990 साली फ्रान्समध्ये सेंट नाझेरच्या गोदीत ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधली गेली, आणि मुळात तीन-चार रात्रींच्या छोट्या फेऱ्यांसाठीच बांधली गेली. पुढे रॉयल कॅरेबियनने तिचं नाव ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ ठेवलं. सप्टेंबर 2021पासून ती कॉर्डेलियाच्या नावाने मुंबईहून निघू लागली. म्हणजे तुम्हाला हवं त्याच कामासाठी घडवलेली बोट आहे ती. तिची उणीव वयात नाही, खोल्यांत आहे: बाल्कनीच्या खोल्या थोड्या, आणि खोल्या लहान. गेंटिंग ड्रीम 2016ची, जर्मनीत पापेनबुर्गला मायर गोदीत बांधलेली, आणि तिच्यावर बाल्कनीच्या खोल्याच जास्त. हा तिचा खरा मोठेपणा. तो तुमच्या कागदावर नाही, घसरगुंडी आहे.

बोट कोण चालवतं, हाही प्रश्न तुम्हाला पडला नाही. 2019मध्ये मुंबईहून जलेश कंपनीची ‘कर्णिका’ मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. 2020च्या ऑक्टोबरात कंपनी बंद पडली आणि महिनाभरात ती बोट अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली. गेंटिंग ड्रीमही आधी ज्या ड्रीम क्रूझेसची होती तिची मूळ कंपनी 2022च्या सुरुवातीला बुडाली. त्याच वर्षी जूनमध्ये ती बोट रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेसच्या नावाने सिंगापूरहून पुन्हा निघाली. आजच्या कंपन्यांवर मी काही बोट ठेवत नाही. पण सहा-आठ महिने आधी सगळी रक्कम भरताना पैसे नक्की कुणाच्या खात्यात जातात, फेरी रद्द झाली तर परत किती आणि किती दिवसांत मिळतात, हे लेखी मागायला काय हरकत होती? ‘एजंट ओळखीचा आहे’ हे उत्तर मला देऊ नका. ओळखीवर उधारी चालते, परतावा नाही.

तारखेबद्दल तर संतापच आला. ऑक्टोबरची अखेर, दिवाळीची सुट्टी. सुट्टी तुमची! तेव्हा शेतात काय चालू असतं, ते विसरलात? भात कापून पडलेलं असतं, झोडणी चालू असते, आभाळ दाटलं की घरच्यांच्या जिवाचं पाणी होतं. त्या आठवड्यात तुमचे वडील बोटीच्या गच्चीवर उभे राहून समुद्र पाहतील की खळ्याची काळजी करतील? शिवाय दिवाळीत भाडं चढं. शिवाय हवामान. अरबी समुद्रात चक्रीवादळं येतात ती मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. क्यार ऑक्टोबर 2019चं, निसर्ग 3 जून 2020ला अलिबागजवळ धडकलं, तौक्ते मे 2021चं. हवा बिघडली तर कप्तान बंदर गाळू शकतो, वाट बदलू शकतो, आणि त्यासाठी सहसा भरपाई मिळत नाही. ते अटींमध्ये लिहिलेलं असतं. सिंगापूरकडचा समुद्र विषुववृत्ताजवळचा, तिथे चक्रीवादळ क्वचितच. हा गुण उजव्या रकान्यात जायला हवा होता. तोही तुम्ही दिला नाहीत, कारण भूगोलाचं पुस्तक तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्रीच उघडायचात.

जेवणाच्या ओळीत ‘व्हेज-नॉनव्हेज दोन्ही’ लिहून मोकळे झालात. अरे, तुमच्या यादीतले निम्मे माळकरी आहेत! शाकाहारी जेवण मिळतं, असं दोन्हीकडचे सांगतात. विचारायचं ते वेगळंच: स्वयंपाकघर वेगळं आहे की नुसतं टेबल वेगळं? पळी-पातेली वेगळी आहेत का? एकादशीला साबुदाणा, भगर, निदान दूध-फळं मिळतील का? साखरेच्या दुखण्याच्या माणसाला वेळेवर जेवण मिळेल का, की रांगेत उभं राहावं लागेल? हे नीट विचारलं नाहीत तर ही माणसं तक्रार न करता केळी आणि चहावर दिवस काढतील आणि घरी आल्यावर ‘छान होतं’ म्हणतील. तुम्ही ते खरं धराल.

खोलीचं मात्र मला सविस्तर सांगू द्या, कारण सहल तिथेच सुधारते किंवा बिघडते. एजंटाने तुम्हाला सगळ्यात स्वस्त खोल्या दिल्या आहेत. त्या आतल्या बाजूच्या असतात. त्यांना खिडकी नसते. दिवा घालवला की दिवस का रात्र, कळत नाही. जन्मभर पहाटे कोंबडा आरवायच्या आधी दार उघडून अंगणात येणारी माणसं त्या खोलीत गुदमरतील. मजल्यांचा नकाशा मागवा. प्रत्येक बोटीचा असतो. नकाशावर खोली शोधा, मग तिच्या वर काय आहे आणि खाली काय आहे ते पाहा. वर डीजेचा मजला असेल तर रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही. बोट हलते ती पुढच्या आणि मागच्या टोकाला जास्त, वरच्या मजल्यांवर जास्त. मध्यभागी आणि खालच्या अंगाला कमी. ज्याला घाटात गाडी लागते त्याला मधली खोली, लिफ्टजवळची. पलंग सुटे आहेत का विचारा. काही खोल्यांत दुसरी जागा वरच्या बर्थवर असते, आणि सत्तरीच्या माणसाला शिडी चढायला लावू नका. न्हाणीघराचा उंबरठा किती उंच, धरायला दांडी आहे का, तेही विचारा. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

गोव्याला बोट किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते, हे कुठेच लिहिलेलं नाही. आयांना मंगेशी-शांतादुर्गा पाहायचीय, बोट लागते मुरगावला. जाऊन येण्याइतका वेळ आहे का? उतरून फिरायचे पैसे वेगळे पडतात. काही फेऱ्या तर कुठल्याच बंदराला न लागता नुसत्या समुद्रात फिरून परत येतात. आणि तुमच्यातल्या कुणीतरी कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलंय ते लक्षद्वीप: तिथे मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, छोट्या होडीत उतरावं लागतं. या मंडळींसाठी ते खोडा.

बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचे पैसे वेगळे, आणि परदेशी बोटीवर ते भारी पडतात. विमा काढताना रक्तदाब, मधुमेह लपवू नका. औषधं हाताजवळच्या पिशवीत, चिठ्ठीसकट. समुद्रात फोनचं बिल भलतंच येतं, तो बंद ठेवायला शिकवा.

सुरक्षिततेची तर एक ओळही नाही. 17 जुलै 1947ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. धडा म्हणून शिकवलं होतं मी ते. 13 जानेवारी 2012ला इटलीत ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळून 32 जण गेले. त्या वेळी बोटीवर नव्याने चढलेल्या कित्येकांची संकटकाळची तालीमच झालेली नव्हती. त्यानंतर नियम झाला की ती तालीम बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच व्हायला हवी. ती तालीम इंग्रजी-हिंदीत होईल. तुमच्या आयांना मराठीतून कोण समजावणार? प्रत्येक चार-पाच जणांमागे तुमच्यातलं एक माणूस हवं, त्याच मजल्यावर. तुम्ही तर पंचवीस-तीस म्हाताऱ्यांबरोबर दोघांना पाठवायचं ठरवलंत, कारण बाकीच्यांना रजा नाही. रजा नसेल तर सहल पुढे ढकला.

तर माझा निर्णय ऐका. या माणसांसाठी, या वेळी, मुंबईची बोट. गेंटिंग ड्रीम मोठी आहे, नवी आहे, तिच्या खोल्या चांगल्या आहेत. पण पासपोर्टचे हेलपाटे, मध्यरात्रीचं विमानतळ, अडीच तासांनी पुढे असलेलं घड्याळ आणि वर एवढा खर्च, हे त्यांच्या पहिल्या प्रवासाला झेपणारं नाही. एम्प्रेस आसनगावहून लोकलने गाठता येते. फेब्रुवारी धरा: झोडणी उरकलेली असते, म्हशाची यात्रा झालेली असते, समुद्र शांत असतो. आतल्या खोल्या रद्द करा आणि खिडकीच्या घ्या. पैसे कमी पडत असतील तर दुसरा खर्च कमी करा, पण खिडकी सोडू नका.

या रविवारी प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन आईवडिलांसमोर बसायचं आणि त्यांना विचारायचं: यायचंय का, कुणाच्या खोलीत राहणार, काय खाणार, रात्री किती वेळा उठावं लागतं, कशाची भीती वाटते. ‘नको’ म्हणाले तर का म्हणाले, ते समजेपर्यंत उठायचं नाही. आणि ही उत्तरं हातात आल्याशिवाय वर्गणीतला एक रुपयाही एजंटाच्या खात्यात जाता कामा नये.